पटसंख्या आणि अनुदान : माहूर परिसराच्या संदर्भात शासनाच्या शालेय वित्तनीतीची चिकित्सा

प्रस्तावना :

सार्वजनिक शाळांना शासनाने किती पैसा द्यावा, या प्रश्नाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा एकूण तरतुदीच्या अंगाने होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी अशी अपेक्षा व्यक्त केली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा नोंदविला. दरवर्षी अर्थसंकल्प सादर झाला की या ६ टक्क्यांची आठवण काढली जाते आणि पुढील अर्थसंकल्पापर्यंत ती मिटवून ठेवली जाते. जो पैसा प्रत्यक्ष उपलब्ध होतो तो शाळांपर्यंत कोणत्या मापाने पोहोचतो, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. महाराष्ट्रात हे माप मुख्यतः पटसंख्येचे आहे. शिक्षकांची पदे, शाळेचे वार्षिक अनुदान, गणवेश, पोषण आहार, किंबहुना शाळेचे अस्तित्वदेखील पटावरील नावांच्या संख्येवर ठरते. वरकरणी हे माप न्याय्य वाटते. जितकी मुले तितका खर्च, यात आक्षेपार्ह असे काही दिसत नाही. परंतु ज्या प्रदेशात वस्तीच विरळ व विखुरलेली आहे, तेथे हेच माप भूगोलाला शाळेचा दोष ठरविते. नांदेड जिल्ह्यातील माहूर परिसराच्या आधारे या वित्तनीतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माहूर हे रेणुकादेवीचे शक्तिपीठ व दत्तस्थान म्हणून सर्वदूर परिचित आहे. पैनगंगेच्या वळणात वसलेला हा डोंगराळ, वनाच्छादित मुलूख जिल्ह्याच्या ठिकाणापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि नदी ओलांडली की विदर्भातील यवतमाळ जिल्हा लागतो. वाई बाजार, सिंदखेड, वानोळा यांसारखी काही मोठी गावे सोडली तर येथील वस्ती गोंड, कोलाम व आंध या आदिवासी समाजांच्या पाड्यांत आणि बंजारा समाजाच्या तांड्यांत विखुरलेली आहे. घरी गोंडी, कोलामी अथवा गोरमाटी बोलणारे मूल शाळेत प्रथमच प्रमाण मराठीला सामोरे जाते. अशा वस्तीतील शाळेचा पट पंधरा-वीसच्या घरात राहणे स्वाभाविक आहे. त्या वस्तीत तितकीच मुले असतात.

अनुदान या कल्पनेचा वारसा :

'अनुदान' हा शब्दच मुळात तपासून घ्यावयास हवा. १८५४ च्या वुडच्या खलित्याने भारतात सहायक अनुदानाची पद्धती आणली. खाजगी संस्थांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने अटी घालून त्यांना हातभार लावावा, असे तिचे स्वरूप होते. या पद्धतीचा लाभ ज्यांच्याजवळ आधीच संस्था काढण्याचे बळ होते त्यांनाच प्रामुख्याने मिळणार, हे उघड होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यांचा मुद्दा होता. प्राथमिक शिक्षण खेड्यापर्यंत पोहोचविणे ही सरकारची जबाबदारी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करताना ही जबाबदारी राज्याची म्हणूनच स्वीकारली.

मराठवाडा या परंपरेच्या बाहेर राहिला. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, मराठी शाळा थोड्या होत्या, आणि ज्या राष्ट्रीय शाळा उभ्या राहिल्या त्या सरकारच्या अवकृपेतच चालल्या. त्यातही किनवट-माहूरचा भाग आणखी वेगळा. हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्यातील शिक्षणाच्या इतिहासात एक लक्षणीय प्रकरण आहे. १९४० मध्ये कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखालील गोंडांचा उठाव जोडेघाट येथे गोळीबाराने मोडून काढण्यात आला. त्यानंतर हैदराबाद सरकारला आदिवासींच्या प्रश्नांकडे पाहणे भाग पडले. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून घडविणारे केंद्र सुरू झाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार करण्यात आली. मराठी प्रजेच्या शिक्षणाबाबत हात आखडता घेणाऱ्या त्या दरबाराने येथे मात्र आदिवासी वस्तीची गरज आधी पाहिली, ही गोष्ट गंमतीची खरी, पण विचारात घेण्याजोगी आहे. उठाव झाल्यावाचून ती गरज दिसली नाही, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने शिक्षकांचे वेतन राज्याच्या तिजोरीतूनच येते. शाळा जिल्हा परिषदेची, पैसा राज्याचा आणि निकषही राज्याचे, अशी ही रचना आहे. विकासातील असमतोल मोजण्यासाठी नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये ठरविला; त्यात सामान्य शिक्षण हे एक क्षेत्र होते. तथापि या मोजणीचा एकक जिल्हा हा होता. नांदेड शहर आणि माहूरचा डोंगर यांची एकत्र सरासरी काढली की डोंगराची उणीव शहराच्या आकड्यात बुडून जाते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि मराठवाड्याच्या अनुशेषाचा वार्षिक हिशेब मागणारे ते व्यासपीठही उरले नाही.

पटाचे सूत्र आणि डोंगरातील शाळा :

आता प्रत्यक्ष सूत्राकडे वळता येईल. २०१८ पासून अमलात आलेल्या समग्र शिक्षा योजनेत केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे. या योजनेतून शाळेला मिळणारे वार्षिक संयुक्त अनुदान पटानुसार ठरते. पट ३० पर्यंत असल्यास १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० रुपये, २५० पर्यंत ५०,००० रुपये आणि १,००० पर्यंत ७५,००० रुपये असे टप्पे आहेत. या रकमेतील किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करावयाचा असतो. म्हणजे १८ मुलांच्या शाळेला खडू, नोंदवह्या, वीजदेयक, किरकोळ दुरुस्ती, प्रयोगसाहित्य, राष्ट्रीय सणांचा खर्च अशा सर्व बाबींसाठी वर्षाला ९,००० रुपये, महिन्याला ७५० रुपये उरतात. छपराचे पत्रे, पाण्याची टाकी, दाराचे कुलूप या वस्तू १८ मुलांसाठीही तितक्याच लागतात आणि ८० मुलांसाठीही जवळजवळ तितक्याच. शाळेच्या खर्चाचा मोठा भाग मुलांच्या संख्येवर अवलंबून नसतो, ही साधी गोष्ट या टप्प्यांत पुरेशी विचारात घेतलेली नाही. डोंगरात तर साहित्य नेण्याचा खर्चच वेगळा पडतो.

हा पैसा केव्हा मिळतो, हाही प्रश्न आहे. २०२१ पासून शाळा व्यवस्थापन समित्यांची खाती शून्य शिलकीची झाली. समितीला रक्कम हाती न मिळता खर्चाची मर्यादा मिळते आणि ३१ मार्चपर्यंत न वापरलेली मर्यादा परत जाते. वित्तीय शिस्तीच्या दृष्टीने ही सुधारणा समर्थनीय आहे. परंतु मर्यादा वर्षाच्या उत्तरार्धात खुली झाली तर तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेतील मुख्याध्यापकाने वर्ग सोडून देयकांच्या मागे धावावे, की पैसा परत जाऊ द्यावा, हा पेच उभा राहतो. मोठ्या शाळेत हे काम लिपिकाकडे जाते. लहान शाळेत लिपिक नसतो.

शिक्षकांच्या पदांबाबत हेच सूत्र अधिक कठोरपणे काम करते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा २००९ चा कायदा पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक देतो. राज्याच्या २०११ च्या नियमांनी १ किलोमीटरच्या आत शाळा असावी आणि त्या वस्तीत ६ ते ११ वयोगटातील किमान २० मुले असावीत, असे म्हटले. येथे २० हा आकडा शाळा मागण्याचा अधिकार कोठे सुरू होतो, हे सांगणारा होता. पुढील दशकात तोच आकडा असलेली शाळा कोठे संपवावी हे ठरविण्यासाठी वापरला जाऊ लागला. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय जाहीर झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पर्यंत पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. त्या वेळी राज्यात अशा १४,७८३ शाळा व त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले होती. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या नव्या निकषांनी सहावी ते आठवीच्या वर्गांत पट २० पेक्षा कमी असल्यास शिक्षकाचे पदच मंजूर न होण्याची स्थिती आणली. शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध आंदोलने केली, ती बहुतांशी समायोजनाच्या भीतीने. परंतु सातवीतील मुलीने पुढे कोठे जावे, हा प्रश्न त्या भीतीहून मोठा आहे. तांड्यावरील मुलगी रोज पाच-सहा किलोमीटर चालत जात नाही. ती घरी राहते, आणि काही वर्षांत तिचे लग्न होते.

समूह शाळेच्या समर्थनार्थ मांडला जाणारा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. बारा मुलांच्या शाळेत वयाने बरोबरीचा सोबती मिळत नाही, खेळाचा संघ होत नाही, एकच शिक्षक पाच वर्ग सांभाळतो आणि तो रजेवर गेला की शाळा बंद पडते. हे सारे खरे आहे. तथापि या युक्तिवादाबरोबर काटकसरीचाही दावा केला जातो, तो मात्र आकड्यांवर टिकत नाही. समग्र शिक्षेच्या निकषानुसार दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलामागे वाहतुकीसाठी वर्षाला कमाल ६,००० रुपये देता येतात. १८ मुलांच्या शाळेचे स्थलांतर केले तर ही रक्कम १,०८,००० रुपये होते. बंद केलेल्या शाळेचे संयुक्त अनुदान होते १०,०००. म्हणजे वेतनेतर खर्चात बचत होत नाही, उलट तो दहा पटींहून अधिक वाढतो. बचत होते ती केवळ शिक्षकाच्या वेतनाची. तेव्हा समूह शाळेच्या धोरणाचा अर्थ स्पष्टपणे सांगावयाचा तर वस्तीवरील शिक्षक काढून त्या जागी वाहन द्यावयाचे, असा होतो. आणि माहूरच्या डोंगरात पावसाळ्यात ओढे-नाले भरले की वाहन थांबते.

पट मोजण्याच्या रीतीनेही प्रश्न वाढविला आहे. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि अलीकडील वर्षांत त्यासाठी आधार क्रमांक वैध ठरलेलीच मुले विचारात घेतली जातात. जन्माची नोंद वेळेवर न झालेले, नाव वा जन्मतारीख जुळत नसलेले मूल वर्गात बसते, जेवते, परीक्षा देते. पदे ठरविताना मात्र ते नसते. बोगस पट रोखण्याचा हेतू योग्य आहे. पण बोगस पट दाखविण्याचे कसब ज्यांना साधले, ते तांड्यावरील पालक नव्हेत.

वस्ती सोडल्यावर मिळणारा पैसा :

राज्य आदिवासी व भटक्या-विमुक्त मुलांवर खर्चच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. किनवट येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, शासकीय व अनुदानित आश्रमशाळा आहेत, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या स्वतंत्र आश्रमशाळा आहेत. नामांकित निवासी शाळांच्या योजनेत तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यामागे शाळेच्या श्रेणीनुसार वर्षाला ५० ते ७० हजार रुपये शासन इंग्रजी माध्यमाच्या खाजगी संस्थेस देत आले आहे. या रकमेत निवास व भोजन अंतर्भूत असते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा शिक्षक वेतनावर असतोच; त्यामुळे ही रक्कम व १०,००० रुपयांचे संयुक्त अनुदान यांची सरळ तुलना करता येणार नाही. तरीही दिशा स्पष्ट दिसते. मूल वस्ती सोडून गेले की त्याच्यामागे पैसा येतो. ते घरी आईवडिलांजवळ राहून शिकू पाहील तर त्याच्या शाळेला कमी पटाची म्हणून नोटीस मिळते. शिवाय निवासी शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलागणिक वस्तीवरील शाळेचा पट एकाने घटतो. शासनाचा एक विभाग अशा रीतीने दुसऱ्या विभागाची शाळा रिकामी करीत असतो. या दोन विभागांच्या खर्चाचा एकत्र हिशेब कोणत्याही अर्थसंकल्पीय पुस्तिकेत सहजी सापडत नाही.

घरी राहणाऱ्या मुलीसाठी राज्याने काय केले, याचे उदाहरण बोलके आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व भटक्या-विमुक्त समाजांतील प्राथमिक वर्गांतील गरीब मुलींची गळती रोखण्यासाठी १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू झाला. दर दिवसाला १ रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. १९९२ मध्येही ही रक्कम मोठी नव्हती, पण तिला काही अर्थ होता. त्या काळात आईच्या मजुरीच्या मानाने रुपया नोंद घेण्याजोगा होता. पुढील तीन दशके हा दर तसाच राहिला. या काळात वेतन आयोग आले, आमदारांचा निधी वाढला, शिक्षणसेवकाचे मानधनसुद्धा २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० रुपये झाले. मुलीचा रुपया बदलला नाही. योजना रद्द केली असती तर निदान चर्चा झाली असती.

वस्तीवरील शाळेबाबत शासनाची स्वतःचीच स्मृती अल्पजीवी ठरली आहे. २००० च्या सुमारास राज्याने वस्तीशाळा योजना आणली, ती नेमकी अशाच तांड्या-पाड्यांसाठी. दरमहा १,००० रुपये मानधनावर स्थानिक स्वयंसेवक नेमून झाडाखाली, देवळात, कोणाच्या ओसरीवर वर्ग भरविण्यात आले आणि पुढे त्यांपैकी अनेक वर्गांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले. लहान वस्तीला शाळा हवी हे तत्त्व तेव्हा मान्य होते. अर्थात ते स्वस्तात साध्य होत होते म्हणूनही असेल. शाळा नियमित झाली, शिक्षकाला पूर्ण वेतन द्यावे लागले, आणि तिचा कमी पट खुपू लागला.

खाजगी शाळांच्या अनुदानाचा इतिहास येथे फार विस्ताराने देण्याचे कारण नाही. २००१ मध्ये 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळांना परवानगी देण्याचे धोरण आले, २००९ मध्ये 'कायम' हा शब्द वगळण्यात आला, २०१६ पासून २० टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान सुरू झाले, आणि पुढील टप्प्यासाठी शिक्षक जुलै २०२५ मध्येही मुंबईच्या आझाद मैदानावर बसलेले होते. एवढे नमूद करणे पुरे की, या काळात मराठवाड्यातील अनेक तरुणांनी उमेदीची वर्षे बिनपगारी अध्यापनात घालविली. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के प्रवेशांमधून शासकीय वा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटर परिसरातील खाजगी शाळांना सूट देणारी फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी रद्द केली. शासकीय शाळा जवळ आहे हे कारण तेव्हा शासनाला पटले होते. समूह शाळेच्या प्रस्तावात मात्र जवळीक गौण ठरली होती.

निर्णय वस्तीपासून जितका दूर जातो तितकी चूक वाढते, याचा अनुभव गणवेशाच्या बाबतीत आला. दोन गणवेशांसाठी प्रतिविद्यार्थी ६०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्याची पद्धत मोडून २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' योजना राबविण्यात आली. कापड राज्यस्तरावर खरेदी झाले, गणवेश उशिरा पोहोचले, मापे चुकली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा समित्यांकडे सोपविण्यात आले. गावातील शिंप्याला मुलांची उंची ठाऊक असते.

मे २०२५ मध्ये श्रीक्षेत्र माहूरगडाच्या ८२९ कोटी रुपयांच्या विकास आराखड्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. यात्रेकरूंच्या सोयी व्हाव्यात याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही, आणि दोन्ही खर्चांची शीर्षे भिन्न आहेत हेही मान्य. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, तेथे डोंगर, चढण व अंतर ही अधिक खर्चाची कारणे म्हणून स्वीकारली गेली. त्याच डोंगरातील शाळेचा प्रस्ताव मात्र सपाट प्रदेशाच्या कोष्टकातून तपासला जातो.

पटाचे माप पूर्णपणे टाकून द्यावे असे येथे सुचवावयाचे नाही. मोठ्या गावांत व शहरांत ते उपयुक्त आहे. परंतु १ किलोमीटरच्या आत दुसरी शाळा नसलेल्या, किंवा वाटेत ओढा-नाला असलेल्या वस्तीपुरते शाळा हेच एकक धरून दोन शिक्षक आणि २५,००० रुपयांच्या टप्प्याचे अनुदान पट न पाहता देणे प्रशासकीयदृष्ट्या अवघड नाही. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. संचमान्यतेच्या निकषात एक परिच्छेद वाढवावा लागतो. वस्तीकडे थेट पैसा पाठविण्याचे एक उदाहरण राज्यात आहेच. २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी लोकसंख्येच्या प्रमाणात अबंध स्वरूपात दिला जातो आणि तो कशावर खर्चावा हे ग्रामसभा ठरविते. त्यातून शाळेची भिंत दुरुस्त करता येते, पाण्याची टाकी बसविता येते, पुस्तके आणता येतात. नियमित शिक्षकाचे पद त्यातून निर्माण होत नाही. ते अद्याप ३० सप्टेंबरच्या पटावरच अवलंबून आहे.